मोटारशौकिनांना हवा तरी कसा कार्यक्रम?

वर्धा जिल्ह्यातील पुलगावला लागून असलेले नाचणगाव हे मोटारींच्या दुनियेत नाव असलेले ठिकाण नव्हे. येथे मोटारींचा कारखाना नाही की शर्यतीचा मार्ग नाही. तरीही अशा गावातल्या घरात बसून दूरचित्रवाणीवर मोटारींचे कार्यक्रम आवडीने पाहणारा वर्ग आहे आणि तो मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाइतकाच जाणकार असू शकतो. कोणत्या गाडीचे इंजिन किती सीसीचे, कुणाचा गिअरबॉक्स कुणाहून सरस, नवे मॉडेल केव्हा येणार, याची चर्चा पानटपरीवर जितक्या तन्मयतेने रंगते, तितकीच ती शहरातल्या कार्यालयांतही रंगते. फरक आहे तो प्रश्नांचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचल्यावर एसी मागच्या आसनापर्यंत गारवा देईल का, काळ्या जमिनीवरच्या खचलेल्या रस्त्यावर गाडीचे पोट घासेल का, सुटा भाग मिळायला किती दिवस लागतील, हे प्रश्न वर्धा जिल्ह्यातील प्रेक्षकाला पडतात. पडद्यावरचा कार्यक्रम मात्र बहुधा गुळगुळीत घाटरस्ता, मावळतीचा सूर्य आणि वेगाचा काटा दाखवून संपतो.

म्हणूनच एक प्रश्न विचारण्याजोगा ठरतो. मोटारीच्या कार्यक्रमाकडून शौकिनाची अपेक्षा तरी काय असते? त्याला निव्वळ थरार हवा असतो, की खरेदीचा सल्ला? जगभरातल्या अशा कार्यक्रमांचा इतिहास पाहिला, तर या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे येते. मात्र त्या दोहोंच्या मुळाशी विश्वास असावा लागतो.

सल्ल्याकडून करमणुकीकडे

या प्रकारातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम म्हणजे बीबीसीचा 'टॉप गिअर'. १९७७ मध्ये तो बर्मिंगहॅम केंद्रावरून प्रादेशिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण ब्रिटनमध्ये दिसू लागला. त्या काळात त्याचे स्वरूप ग्राहकोपयोगी होते. नव्या गाडीची माहिती, रस्त्यावरची सुरक्षितता, इंधनाचा खर्च, अशा विषयांवर त्यात भर असे. पुढे प्रेक्षकसंख्या घटली आणि २००१ मध्ये तो बंद करण्यात आला. २००२ मध्ये जेरेमी क्लार्कसन आणि निर्माते अँडी विलमन यांनी त्याला नवा अवतार दिला. चेहरा न दाखविणारा शर्यतपटू 'स्टिग', सामान्य किमतीच्या गाडीतून धावपट्टीवर फेरी मारणारे नामवंत पाहुणे आणि तिघा सूत्रसंचालकांची थट्टामस्करी यांनी हा कार्यक्रम जगभर पोहोचला.

या यशातून अनेक निर्मात्यांनी एकच धडा घेतला: माहिती कंटाळवाणी असते आणि लोकांना स्फोट आणि शर्यती हव्या असतात. हा धडा अर्धाच खरा आहे. याच कार्यक्रमाचा २००३ मधला एक गाजलेला प्रयोग आठवावा. टोयोटा हायलक्स या जुन्या पिकअप गाडीला समुद्राच्या भरतीत बुडविण्यात आले, तिला आग लावण्यात आली आणि शेवटी पाडल्या जाणाऱ्या इमारतीच्या माथ्यावर तिला ठेवण्यात आले. तरीही मेकॅनिकने साधी हत्यारे वापरून ती पुन्हा सुरू केली. हा तमाशाच होता. परंतु त्यातून गाडीच्या टिकाऊपणाविषयी खरीखुरी माहितीही मिळत होती. शौकिनाला तो आवडला, याचे कारण केवळ आग नव्हे. इंजिन पुन्हा सुरू होईल की नाही, हे आधी कुणालाच ठाऊक नाही, असे त्याला वाटले. चाचणीचा निकाल आधी ठरलेला नसेल, तरच ती पाहण्यात रस असतो.

याच्या उलट उदाहरणही याच कार्यक्रमाचे आहे. डिसेंबर २००८ मध्ये त्यात टेस्लाची विजेवर चालणारी 'रोडस्टर' दाखविण्यात आली. गाडीची बॅटरी संपल्यामुळे ती ढकलत न्यावी लागत असल्याचे दृश्य त्यात होते. कंपनीने त्यावर आक्षेप घेतला आणि २०११ मध्ये बीबीसीविरुद्ध दावा दाखल केला. २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही कंपनीचे म्हणणे फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. शौकिनाच्या मनात मात्र एक शंका उरली. पडद्यावर दिसते ती चाचणी आहे, की आधी लिहिलेल्या संहितेप्रमाणे उभे केलेले नाट्य? एकदा ही शंका आली, की पुढच्या प्रत्येक निष्कर्षाकडे प्रेक्षक संशयाने पाहू लागतो.

आपला रस्ता, त्यांचा विनोद

हाच चमू भारतातही येऊन गेला. २८ डिसेंबर २०११ रोजी प्रसारित झालेल्या विशेष भागात तिघांनी तीन जुन्या ब्रिटिश गाड्या भारतातल्या रस्त्यांवर चालविल्या. मुंबईच्या डबेवाल्यांशी त्यांनी स्पर्धाही केली. त्यातल्या काही विनोदांबद्दल जानेवारी २०१२ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. विनोद किती सहन करावा, हा वादाचा विषय होऊ शकतो. परंतु भारतीय शौकिनाच्या दृष्टीने त्या भागातली खरी उणीव वेगळीच होती. आपला रस्ता, आपली गर्दी, आपला उन्हाळा हे सारे त्यात गमतीचे नेपथ्य म्हणून आले. त्या रस्त्यावर रोज गाडी हाकणाऱ्याला उपयोगी पडेल असे त्यात काहीच नव्हते.

अर्थात ती अपेक्षा परदेशी कार्यक्रमाकडून ठेवणेही योग्य नव्हे. ते काम येथल्या कार्यक्रमांचे. भारतात १९९८ मध्ये 'ओव्हरड्राइव्ह' आणि १९९९ मध्ये 'ऑटोकार इंडिया' ही मासिके सुरू झाली आणि पुढे त्यांच्या नावाचे कार्यक्रम वृत्तवाहिन्यांवर दिसू लागले. एनडीटीव्ही समूहात सिद्धार्थ विनायक पाटणकर यांनी वाहनविषयक कार्यक्रमांची दीर्घकाळ धुरा सांभाळली. 'ऑटोकार'च्या होर्मझ्द सोराबजी यांचे नाव तर शौकिनांच्या तोंडी असते. या मंडळींनी भारतीय प्रेक्षकाला सस्पेन्शन, टॉर्क, पकड अशा शब्दांची ओळख करून दिली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र हे बहुतेक सारे इंग्रजीत किंवा हिंदीत झाले. शिवाय साप्ताहिक अर्ध्या तासात नव्या गाडीचे अनावरण, तिचे रूप आणि थोडी रपेट एवढेच बसत असे.

टॉप मॉडेल आणि बेस मॉडेल

चाचणीसाठी कार्यक्रमाला मिळणारी गाडी सामान्यतः उत्पादकच पुरवितो. ती धुऊनपुसून, तपासून दिलेली असते आणि बहुधा सर्व सुविधांनी युक्त अशी, बाजाराच्या भाषेत 'टॉप मॉडेल' असते. प्रेक्षक मात्र कर्ज, विमा आणि नोंदणीचा हिशेब मांडून पुष्कळदा खालचे मॉडेल घेतो. या दोहोंत फरक केवळ म्युझिक सिस्टीमचा असता, तर बिघडले नसते.

तो फरक किती गंभीर असू शकतो, हे जानेवारी २०१४ मध्ये उघड झाले. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाच गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळविल्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातल्याच पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या गाडीच्या दोन आवृत्त्यांत एवढे अंतर होते.

त्यानंतर परिस्थिती बरीच सुधारली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीने हे प्रथमच साधले. जुलै २०१९ पासून चालकासाठी आणि पुढे शेजारच्या आसनासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची पद्धत अमलात आली. तीत प्रौढ प्रवासी आणि मुले यांच्यासाठी स्वतंत्र तारे दिले जातात. आता जाहिरातींतही तारे झळकतात. परंतु ते कोणत्या आवृत्तीला मिळाले, मुलांसाठी किती मिळाले आणि चाचणी किती वेगाने झाली, हे समजावून सांगण्याचे काम जाहिरात करणार नाही. ते कार्यक्रमाने करावे, अशी शौकिनाची रास्त अपेक्षा आहे.

येथेच पैशाचा प्रश्न येतो. ज्या वाहिनीवर गाडीची परखड समीक्षा व्हायची, त्याच वाहिनीवर त्या गाडीची जाहिरात असते. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने यावर जुना, सरळ उपाय शोधला आहे. ते जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या बाजारातून स्वतः विकत घेते. प्रत्येक वाहिनीला ते परवडणारे नाही, हे मान्य. पण गाडी कुणी दिली, प्रवासाचा खर्च कुणी केला, एवढे सांगायला पैसे लागत नाहीत. ते सांगणाऱ्या सूत्रसंचालकाची स्तुतीही मग अधिक वजनदार वाटते.

अ‍ॅव्हरेज का मिळत नाही?

नवी गाडी घेतलेल्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो अ‍ॅव्हरेजचा. जाहिरातीतील आकडा पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला असतो आणि तो खोटा नसतो. पण ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग कमी-अधिक करून ती घेतली जाते. त्या वेळापत्रकातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. बाहेरचे ऊन, बैलगाडीमागे दुसऱ्या गिअरमध्ये काढलेली वाट, डिकीतले सामान, पूर्ण वेळ चालू असलेला एसी यांपैकी काहीही तेथे नसते. सर्व गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी, हा त्या आकड्याचा हेतू. घरच्या खर्चाचे भाकीत करणे हा नव्हे. एवढी गोष्ट कार्यक्रमाने एकदा नीट उलगडून दाखविली, तर फसवणूक झाल्याची अनेकांची भावना दूर होईल.

इंधनाचेही तसेच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाल्यानंतर २०२५ मध्ये वाहनधारकांत मोठी अस्वस्थता पसरली. कुणी म्हणे इंजिन खराब होईल, कुणी म्हणे काहीच होणार नाही. वस्तुतः इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींच्या इंधनक्षमतेत ६ ते ७ टक्के, तर नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट येईल, असा अंदाज दिलेला होता. म्हणजे प्रश्न गाडीच्या वयाचा आणि रचनेचा आहे. ज्याच्या दारात दहा वर्षांपूर्वीची गाडी उभी आहे, त्याला हे कळणे कोट्यवधींच्या गाडीच्या रपेटीइतकेच महत्त्वाचे वाटते. दहा वर्षांच्या आणि चालू वर्षाच्या अशा दोन गाड्या एकाच रस्त्यावर चालवून दाखविल्या, तर तो भाग रंजकही होईल.

समृद्धी महामार्ग आणि टायरचे आकडे

वर्धा जिल्ह्यातल्या वाहनधारकाचे जग गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. हा मार्ग जिल्ह्याच्या सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो. सपाट प्रदेशात मोटारींसाठी येथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. गावच्या रस्त्यावर चाळीस-पन्नासच्या वेगाची सवय झालेला चालक अर्ध्या तासात त्या वेगाला पोहोचू शकतो. गाडी तीच असते, टायर तेच असतात.

या मार्गावरील अपघातांनी विदर्भ हळहळला आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन लागलेल्या आगीत २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते. परंतु टायरची अवस्था ही चालकाच्या हातातली गोष्ट आहे. झिजलेल्या टायरच्या गाड्यांना महामार्गावर सोडू नये, यासाठी परिवहन विभागाला २०२३ मध्ये मोहीम राबवावी लागली.

टायरच्या कडेवर या संदर्भातली बरीच माहिती लिहिलेली असते. ती वाचायला मात्र कुणी शिकवीत नाही. चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मापाच्या शेवटी येणारे अक्षर कमाल वेगाचे निदर्शक असते. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. हवा कमी असली, की टायरच्या कडा प्रत्येक फेरीत अधिक वाकतात आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग वाढला, की हे वाकणे सेकंदाला कितीतरी अधिक वेळा घडते. त्यात खाली तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि वर वैदर्भीय ऊन. त्यामुळे हवा टायर थंड असताना, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी आणि स्टेपनीचीही तपासावी. हे सारे दहा मिनिटांत पडद्यावर दाखविता येते.

ताऱ्यांचा हिशेबही येथे पुन्हा तपासावा लागतो. समोरासमोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी १२० किलोमीटरला ती चाचणीतल्या ऊर्जेच्या सुमारे साडेतीनपट होते. पाच तारे असलेली गाडी नक्कीच अधिक सुरक्षित. मात्र ते तारे भरधाव जाण्याचा परवाना नव्हेत. शौकिनाला वेग आवडतो, म्हणूनच वेगाचे हे गणित त्याला इतरांआधी कळायला हवे. वेगाची किंमत खुद्द कार्यक्रमांनाही मोजावी लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये 'टॉप गिअर'च्या चित्रीकरणादरम्यान माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ अपघातात गंभीर जखमी झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबविल्याचे जाहीर केले.

मिस्त्रीच्या हाताकडे पाहणारा प्रेक्षक

शौकिनाचे कुतूहल बॉनेटच्या आत असते, याचा पुरावा 'व्हीलर डीलर्स' या कार्यक्रमाने दिला. २००३ पासून चाललेल्या या मालिकेत माइक ब्रुअर जुनी गाडी विकत घेई आणि एड चायना हा मेकॅनिक ती दुरुस्त करी. कोणता बोल्ट आधी काढायचा, कुठला भाग बदलायचा आणि कुठला वाचवायचा, हे तो शांतपणे दाखवी. २०१७ मध्ये चायना कार्यक्रमातून बाहेर पडला. वर्कशॉपमधला तपशीलवार भाग तयार करायला अवघड आणि संथ असल्याने तो सोपा करावा, अशी वाहिनीची इच्छा असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले होते. प्रेक्षकांनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. वाहिनीला जो भाग कंटाळवाणा वाटला, तोच शौकिनांना सर्वाधिक प्रिय होता.

जुनी गाडी ही तर आपल्याकडे असंख्य कुटुंबांची पहिली गाडी असते. ती घेताना इंजिनाचा आवाज कसा ऐकावा, अपघातानंतर पुन्हा रंगविलेला पत्रा कसा ओळखावा, आरसी पुस्तकावरचा चॅसी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी का जुळवावा, आधीच्या कर्जाचा बोजा उतरविला आहे का, हे जाणकार मिस्त्रीला ठाऊक असते. त्याला पडद्यावर आणले, तर सूत्रसंचालकाच्या चटपटीत वाक्यांची फारशी गरज पडणार नाही.

मराठीत हे अशक्य नाही. दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या पिकाविषयी, त्याच्या हंगामात माहिती दिली. कोणत्या किडीवर काय फवारावे, हे सांगताना त्या कार्यक्रमाला आपण नीरस ठरू, अशी भीती वाटली नाही. प्रेक्षकाची गरज त्याला नेमकी ठाऊक होती. मोटारीच्या कार्यक्रमालाही हीच वाट मोकळी आहे. पुण्याजवळ आणि नाशिकला मोटारी तयार होतात, मोटारींची चाचणी करणारी संस्था पुण्यात आहे, कोकणातला घाट आहे आणि विदर्भातला उन्हाळा आहे. चाचणीला लागणारे सारे महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

असा कार्यक्रम निघालाच, तर त्यात फेरारीही असावी. जी गाडी आयुष्यात कधी घेता येणार नाही, तिचा आवाज ऐकण्यातही आनंद असतो आणि तो शौकिनाचा हक्क आहे. परंतु त्याच अर्ध्या तासात, नाचणगावहून नागपूरला निघालेल्या कुटुंबाने मे महिन्याच्या दुपारी टायरमध्ये किती हवा ठेवावी, हेही कुणीतरी मराठीत सांगावे. आवड आणि उपयोग यांची सांगड घालणाऱ्या कार्यक्रमाची मराठी प्रेक्षक आजही वाट पाहतो आहे.